एकदाच घातलेले

वरठीच्या स्टेशनावर उतरून कारखान्याच्या फाटकापर्यंत चालत गेलं, तर वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक माणसाला कशाची ना कशाची लाज वाटत असते. एक माझ्या मोठ्या जाऊबाई सोडून. त्यांच्या वाट्याला लाज आलीच नव्हती. म्हणजे आली असणार, पण ती त्यांनी न उघडताच आम्हा घरच्यांत वाटून टाकली, आणि घरातली सगळ्यात धाकटी म्हणून त्यातला मोठा हिस्सा माझ्या पदरात पडला. मी शाळेत शिकवते म्हणून त्या मला 'मॅडम' म्हणतात, घरातही, भांडी घासतानाही. आणि मी त्यांना 'बाई' म्हणते. दवाखान्यात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाचा रिपोर्ट त्याच्या हातातून घेऊन वाचताना मी बाईंना पाहिलंय. कापडाच्या दुकानात गादीवर बसून कपाटातलं सगळं खाली काढायला लावायचं, त्यातलं काहीच घ्यायचं नाही, आणि मग दुकानदाराला घड्या नीट घालता येत नाहीत म्हणून त्याच्या शेजारी बसून सगळं पुन्हा स्वतः घडी करून द्यायचं, हे तर दर दिवाळीचं. आमच्या मुख्याध्यापकांची आणि त्यांची पहिली भेट शाळेच्या गॅदरिंगला झाली. सर मोठे शिस्तीचे. त्यांच्यासमोर आम्ही शिक्षिका पदर सावरून उभ्या राहतो. बाई त्यांच्याकडे जरा वेळ निरखून पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, केसाले लावता तोच कलर मिशीले बी लावत जा. दोन रंग दिसून राहिले." सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मिशी काळी झाली होती, पण पुढे बरेच दिवस माझ्याशी बोलताना सर तोंडासमोर रुमाल धरायचे.

अशा बाईंनी दुकान काढलं नसतं तरच नवल होतं. त्यांची लेक, म्हणजे माझी पुतणी, लग्न होऊन पुण्याला गेली आणि वर्षाच्या आत तिनं एक भली मोठी सुटकेस परत पाठवली. फ्लॅट लहान आहे, ठेवायला जागा नाही, म्हणून. सुटकेसमध्ये तिच्या रिसेप्शनचा घागरा होता. तो हातात घेतल्यावर दोन पोती धान उचलल्यासारखं वाटायचं. बाई त्याच्यासमोर मांडी घालून बसल्या आणि मला हाक मारून म्हणाल्या, "हे पोट्टी आता घालन कवा? रोवण्याले जाताना?" चिखलात वाकून धान रोवणाऱ्या बायका आणि त्यांच्या मधोमध जरीचा घागरा घोट्याच्या वर खोचलेली आमची पुतणी, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मी हसले. बाई हसल्या नाहीत. त्या उठल्या, चप्पल घातली आणि शेजारच्या घरी जाऊन त्यांना त्यांचं कपाट उघडायला सांगितलं. मग त्याच्या शेजारच्या घरी. संध्याकाळपर्यंत त्यांनी अख्ख्या गल्लीतली कपाटं उघडून पाहिली. प्रत्येक कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या वासात एकेक शालू नाही तर शेरवानी झोपलेली होती. सगळे कपडे एक दिवस घातलेले, आणि मग जन्मभर जपून ठेवलेले. बाईंना ते सहन झालं नाही. अन्न वाया जाताना पाहून काही बायकांचा जीव कासावीस होतो, तसा त्यांचा झाला.

स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर, त्यामुळे समोरची खोली दुकानाला आयतीच मिळाली. माझे मोठे दीर, ज्यांना आमच्याकडे भासरे म्हणतात, कारखान्यात भट्टीवर काम करतात. अत्यंत मितभाषी आणि भिडस्त माणूस. बाईंशी लग्न झाल्यावर तर जेवढे शब्द होते तेही त्यांनी बंद करून ठेवले. उद्घाटनाचा नारळ त्यांनी फोडावा असं ठरलं होतं, पण त्या दिवशी त्यांनी मागून डबल ड्युटी घेतली. नारळ बाईंनीच फोडला, अर्धा समोरच्या चहाच्या टपरीवर नेऊन दिला, आणि मग पाटी लावली. पाटी रंगवणाऱ्यानं 'वधू-वर वस्त्रालय' असं काहीतरी सुचवलं होतं. बाईंनी त्याच्याकडून हातभर अक्षरात लिहून घेतलं: 'लग्नाचे कपडे, एकदाच घातलेले'. आम्ही सगळ्यांनी समजावलं. माझे यजमान म्हणाले, निदान दुसरी ओळ लहान अक्षरात घ्या. भासरे पाटीकडे न बघताच म्हणाले, "दुसरी ओळ कायले?" बाई म्हणाल्या, "एकदा घातलेलं एकदा घातलेलंच असते. मंग का सांगू? कोणीच नाई घातलं म्हणून?" त्यानंतर भासरे सकाळी कारखान्यात जाताना मागच्या गल्लीतून मोटारसायकल ढकलत नेऊ लागले, आणि कोणी विचारलंच तर सांगू लागले, की समोरची खोली किरायानं दिली आहे.

गिऱ्हाईक येणार नाही अशी आमची खात्री होती. पण गिऱ्हाईक आलं, फक्त ते समोरून आलं नाही. वरठीला गाड्या थांबतात, त्यामुळे लांबलांबची माणसं यायची. गाडीतून उतरून टपरीवर चहा घेत उभी राहायची, पाटी वाचायची, रस्ता रिकामा व्हायची वाट पाहायची. रस्ता रिकामा होईपर्यंत तीन-तीन चहा व्हायचे. बाईंच्या दुकानानं सगळ्यात जास्त भरभराट त्या टपरीवाल्याची केली. शेवटी आमच्या मागच्या दाराची बातमी कुणीतरी पसरवली, आणि मग नवऱ्या मुली, त्यांच्या आया, मावश्या, सगळ्या तोंडाला स्कार्फ बांधून मागच्या गल्लीतून माझ्या स्वयंपाकघरात शिरू लागल्या. मी गॅससमोर उभी असायची. त्या जमिनीकडे बघत पुढच्या खोलीत जायच्या, मी कढईतल्या फोडणीकडे बघत राहायची. एकमेकींना आपण दिसलोच नाही, असा आमचा न बोलता झालेला करार होता. आत गेल्यावर सगळ्यांचं म्हणणं एकच असायचं: कपडे नाटकासाठी पाहिजेत. आमच्या भागात दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या दिवसांत गावोगाव नाटकं होतात हे खरं, पण बाईंच्या दुकानातून जेवढे घागरे आणि शेरवान्या नाटकासाठी गेल्या, तेवढी नाटकं आमच्या या सगळ्या झाडीपट्टी मुलुखात मिळून होत नसतील. गावाचं नावही कोणी खरं सांगायचं नाही. सिहोऱ्याची माणसं पवनीहून आलो म्हणायची, पवनीची माणसं सिहोऱ्याहून. बाईंना या लपवाछपवीचा अर्थच कळायचा नाही. त्या मोठ्यानं विचारायच्या, "नाटकातली नवरी हेच का? मंग फिरव तिले, पाठीतून ढिलं होऊन राहिलं." मी स्वयंपाकघरात मेल्याहून मेल्यासारखी होई.

माल आणायची त्यांची पद्धत तर याहून भयंकर होती. त्या लग्नांना जायच्या. बोलावणं असो नसो, वरात दिसली की बाईंनी साडी बदलली. मंडपात शिरून आधी नवरीच्या अंगावरचं कापड दोन बोटांत धरून पाहायचं, मग तिच्या आईला गाठायचं. मुलगी निघालीय, आईच्या डोळ्याला धार लागलीय, सनईची कॅसेट चालू आहे, आणि बाई तिच्या खांद्यावर हात ठेवून विचारतायत, "याचं पुढे का कराचं ठरवलं तुमी?" त्या माउलीला वाटायचं मुलीचं विचारतायत. ती रडत रडत म्हणायची, जसं तिचं नशीब. बाई म्हणायच्या, "पोरीचं नाई, घागऱ्याचं." मी अशा वेळी ताट घेऊन मंडपाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे पाण्याच्या कॅन ठेवलेल्या असतात तिथे जाऊन उभी राहायची. पण बाई मला तिथूनही हाक मारायच्या, सगळ्यांना सांगायच्या, की ही आमची मॅडम, हिलाही विचारा, आमच्या घरचं काम चोख असते. आणि काम खरंच चोख होतं. प्रत्येक कपडा त्या उलटा करून शिवण तपासायच्या, डाग काढायच्या, तुटलेला मणी शोधून बसवायच्या. एकदा एका शालूच्या अस्तरात त्यांना सोन्याची नथ सापडली. शालू पवनीच्या एका माणसानं आणून दिला होता. बाई तडक पवनीला गेल्या. घराला कुलूप होतं, तेव्हा त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, त्याच्या शेजाऱ्याला विचारलं, आपण कोण आणि शालू कसा आपल्याकडे आला हे गल्लीतल्या पोरासोरांना सांगितलं, आणि तो माणूस घरी आल्यावर सगळ्यांच्या देखत त्याच्या हातावर नथ ठेवली. त्यानं त्यांना आत नेऊन दार लावून घेतलं आणि चहा पाजून मागच्या दारानं काढून दिलं. परत येऊन बाई आम्हाला कौतुकानं सांगत होत्या, "लय लाजाळू माणूस हाय बिचारा. उपकार सहन नाई होत त्याले."

जगातला प्रत्येक अडचणीचा प्रश्न विचारणाऱ्या या बाई एक प्रश्न मात्र कधी विचारायच्या नाहीत. कपडा विकायला आलेल्या बाईला, तू हा काहून विकतेस, असं त्यांनी कधी विचारलं नाही. मला ते उशिरा लक्षात आलं. मीच एकदा विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "विकून राहिली म्हणजे गरज असन. गरजेले का इचारावं?" आणि पुन्हा मणी ओवायला लागल्या.

गेल्या हिवाळ्यात, शाळेला सुट्टी होती म्हणून मी घरी होते, दुपारी एक तरुण सून मागच्या दारानं आली. सून हे तिच्या मंगळसूत्रावरून आणि घाईवरून कळत होतं. स्कार्फमुळे तिचा चेहरा मला दिसला नाही. हातात तांदळाचा कट्टा, म्हणजे लहान पोतं होतं, आणि त्या कट्ट्यात जांभळ्या रंगाचा घागरा. घागऱ्याच्या घेराला सगळीकडून हिरवे पोपट भरलेले होते. मोर सगळेच काढतात, पोपट मी तोपर्यंत पाहिले नव्हते. ती आत थोडाच वेळ होती. जाताना तिनं रिकामा कट्टा घडी करून ओट्याखाली ठेवला आणि मला हळूच म्हणाली, "मी आल्ती म्हणून कोणाले सांगू नका, मॅडम." मला मॅडम म्हणणारी वरठीत कितीतरी माणसं आहेत, म्हणून मी त्याचा विचार केला नाही. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी एक मायलेक आल्या. पवनीच्या आहोत म्हणाल्या, नाटकासाठी पाहिजे म्हणाल्या. आई भाव करायलाही लाजत होती. मुलगी स्कार्फचं टोक बोटाला गुंडाळत होती, पण तो पोपटांचा घागरा अंगावर धरून आरशासमोर उभी राहिल्यावर मात्र ती हसली. बाईंनी दोनदा विचारलं, की नवरदेव कुठला, कोणाच्या घरी देऊन राहिल्या. आई म्हणाली, नाही हो, नाटकच आहे. बाईंनी हसून घागरा बांधून दिला आणि वर एक बांगड्यांचा जोड टाकला, नाटकातल्या नवरीसाठी.

एप्रिलमध्ये मुख्याध्यापकांच्या धाकट्या मुलाचं लग्न झालं. लग्न मुलीच्या गावी, सिहोऱ्याला. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सरांकडचं रिसेप्शन तुमसरला एका लॉनवर. आम्हा शिक्षकांना जाणं भागच होतं. मी बाईंना काही बोलले नव्हते, पण मी साडी बदलायला गेले तेव्हा त्या आधीच बदलून ओसरीत बसल्या होत्या. तिथे कोणाला काही विचारायचं नाही, सर माझे साहेब आहेत, असं मी गाडीत त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. त्यांनी कबूल केलं. आणि खरंच, लॉनवर पोचल्यावर त्या सरळ जेवणाच्या रांगेत उभ्या राहिल्या आणि माझा जीव भांड्यात पडला. मग मी स्टेजकडे पाहिलं. नवरी जांभळ्या घागऱ्यात उभी होती. घेरावर सगळीकडे पोपट होते.

पहिल्यांदा मला हसू आलं, की अखेर एक नाटक मला पाहायला मिळालं. सिहोऱ्याच्या मायलेकींनी पवनी सांगितलं होतं, एवढंच. पण तेवढ्यात सरांच्या बायको नवरीच्या गळ्यात हार घालायला स्टेजवर चढल्या. घालता घालता त्या वाकल्या, घेर हातात धरला, आणि तशाच राहिल्या. मग त्यांनी मागे उभ्या असलेल्या आपल्या मोठ्या सुनेला विचारलं, "तुझा घागरा कुठी हाय?" मोठ्या सुनेनं पदर तोंडावर ओढला. नुसते डोळे दिसत होते, आणि मला मॅडम म्हणणारा तो हळू आवाज कुणाचा होता हे मला तेव्हा कळलं. घरातलं पहिलं लग्न म्हणून सासूनं नागपूरला जाऊन, कारागिराच्या मागे लागून, मोर नकोत, पोपटच पाहिजेत, म्हणून हट्टानं तो घागरा मोठ्या सुनेसाठी बनवून घेतला होता. दुसरा तसा जिल्ह्यात नव्हता. आता तो धाकटीच्या अंगावर होता. सासूबाईंचा आवाज चढला. खाली नवरीची आई जागीच उभी राहिली, हातातलं ताट तसंच धरून. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी, सासरच्या चारशे माणसांसमोर, तिच्या लेकीनं जुना कपडा घातलाय, आणि तोही मोठ्या जावेचा, हे बाहेर पडणार होतं. आणि मोठीनं सासूनं दिलेला घागरा चोरून विकलाय, हेही. व्हिडिओवाल्यानं काहीतरी चाललंय म्हणून दिव्याचा झोत तिकडे वळवला. एका दिव्यात दोन्ही पोरी दिसत होत्या, दोघींनी माना खाली घातलेल्या.

मी बाईंना शोधत होते, त्यांना हाताला धरून तिथून बाहेर न्यावं म्हणून. पण बाई रांगेत नव्हत्या. त्यांनी बुंदीचं ताट खुर्चीवर ठेवलं होतं आणि त्या स्टेजच्या पायऱ्या चढत होत्या. मी डोळे मिटून घेतले. आता त्या खरं सांगणार, जसं पवनीत सांगितलं तसं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मला ऐकू आलं ते हे. "वहिनी, त्या पोरीइले काई म्हणू नका. चूक माझी हाय. तुमच्या मोठ्या सुनेनं हा घागरा मले पॉलिश कराले देला होता. जरीची चमक गेल्ती म्हणून. मी इकून टाकला." सासूबाई म्हणाल्या, इकून टाकला म्हणजे? बाई म्हणाल्या, "लोभ सुटला मले. नवीन हाय म्हणून मी ह्यायले सांगितलं, आन नव्याचा भाव घेतला. ह्या माउलीले काई मालूम नाई." सरांच्या बायकोनं माइकमध्ये बोलल्यासारखं विचारलं, "म्हणजे चोरी केली तुमी." बाईंनी त्या दोन पोरींकडे पाहिलं.  मग त्या म्हणाल्या, "हो. चोरीच म्हणा."

दिव्याचा झोत आता त्यांच्या तोंडावर होता. लोक खुर्च्यांवरून उठून पाहत होते. सरांनी माझ्याकडे पाहिलं, रुमाल नव्हता आज त्यांच्या तोंडावर, आणि मी जमिनीकडे पाहिलं. कुणीतरी म्हातारा मागून म्हणाला, घरातला घागरा घरातच आला न, मंग जाऊ द्या. त्यावर लोक हसले, बँडवाल्यानं वाजवायला सुरुवात केली, आणि रिसेप्शन पुढे चालू झालं. मोठी सून पुढे झाली आणि धाकटीच्या घागऱ्याचा सुटलेला हूक लावू लागली. नवरीच्या आईला लोक खुर्ची देत होते, फसवली बिचारीला, म्हणत होते. सगळं सावरलं. फक्त आम्ही दोघी लॉनच्या फाटकातून बाहेर पडलो तेव्हा गाडी लावून देणारा माणूसही आमच्या पिशव्यांकडे बघत होता.

तुमसर रोड स्टेशनात गाडी यायला वेळ होता. बाकावर बसल्यावर मला रडू फुटलं, आणि रागही आला. मी विचारलं, काहून खोटं बोललात तुम्ही? आयुष्यात कधी बोलला नाहीत, आणि आज माझ्या साहेबांच्या घरी, चारशे माणसांत, चोर म्हणवून घेतलं. खरं सांगितलं असतं तर तुमच्या अंगावर काही आलं नसतं. बाईंनी माझी पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "त्या दोघीइले त्याच घरात राहाचं हाय व. सकाळ-संध्याकाळ. मी तर घरी जाऊन राहिली."  गाडीत बसल्यावर त्यांनी खिडकीशी जागा घेतली आणि शेजारच्या बाईला कुठली, कोणाची, काहीच विचारलं नाही. ती बाई काकड्या खात होती, तिनं एक पुढे केली. बाईंनी नको म्हटलं.

बातमी वरठीला आमच्या आधीच पोचली होती. दुसऱ्या दिवसापासून ज्यांनी कपडे आणून दिले होते ते परत मागायला आले, आणि आता समोरच्या दारानं आले. एक बाई तर तिचा शालू तिचाच आहे का हे उजेडात नेऊन तपासत होती. बाई एकेकाचा कपडा काढून देत होत्या. शाळेत सर माझ्याशी फक्त नोटिशीतून बोलत. स्टाफरूममध्ये मी गेले की बायका आपापल्या पर्सेस मांडीवर घ्यायच्या. मुद्दाम नाही, नकळत, आणि तेच जास्त लागायचं.  कारखान्यात भासऱ्यांना कोणी काय म्हटलं हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. पण एका दुपारी पहिली पाळी करून ते आले, मोटारसायकल मागच्या गल्लीत न नेता समोर पाटीखाली लावली, घरातून एक लोखंडी खुर्ची काढली आणि कारखान्याच्या कपड्यांतच, हेल्मेट मांडीवर ठेवून, दुकानाच्या दारात बसले. टपरीवरून एकानं विचारलं, भाऊ, तुमच्या किरायेदारानं दुकान बंद केलं का? भासरे म्हणाले, "दुकान माह्या बायकोचं हाय." विचारणाऱ्यानं कपात तोंड घातलं. आत बाई मणी निवडत होत्या, त्यांच्या हातातली ताटली खाली पडली आणि मणी खोलीभर पसरले. भासरे उठले नाहीत. त्यानंतर रोज पाळी सुटली की ते तिथेच येऊन बसतात.

पावसाळा संपता संपता सर एकदा माझ्याशी पुन्हा बोलले. पगाराच्या कागदावर सही घेताना, आपणहून. म्हणाले, मॅडम, बाकी काही म्हणा, आमच्या दोन्ही सुनांचं फार जमतं. सारखं दोघी एकत्र. एकीला कोणी काही बोललं की दुसरी मध्ये पडते. लोकांच्या घरात जावाजावांची भांडणं, आमच्याकडे कशी ही जादू झाली, कळत नाही. मी सही करून कागद परत दिला. ते घरी येऊन बाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "मोठी बरी हाय न?" बरी आहे म्हटल्यावर त्या कामाला लागल्या.

पितृपक्षात लग्नाचा कपडा कोणी घेत नाही, म्हणून बाईंनी दुकान बंद ठेवून उरलेले सगळे कपडे अंगणात उन्हाला घातले. पावसानं दमट झालेले शालू, घागरे, शेरवान्या दोऱ्यांवर लोंबत होत्या. मी रविवारची त्यांना मदत करत होते, एकेक कपडा पालटत. मध्येच त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, एक इचारू का?" मी चपापले. बाईंनी विचारण्याआधी परवानगी मागितल्याचं मला आठवत नाही. त्या दोरीकडे बघत म्हणाल्या, "लोकं पाहाले लागले का मान आपोआप खाली जाते. छातीत गोळा येते. त्या दिवसापासून रोज होऊन राहिलं मले. तुमाले सगळ्याइले हे पहिलेपासून होते का?" मी म्हटलं, होतं. त्या म्हणाल्या, "आन मंग तुमी बाहेर कशा निघता?"  मी म्हटलं, सवय होते, बाई. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं असं दिसलं नाही. तेवढ्यात रस्त्यावरून दोन बायका बोलत येताना दिसल्या. बाईंनी हातातला शालू माझ्याकडे दिला, अंगणाच्या फाटकाशी गेल्या आणि कडी लावायला लागल्या. आमचं फाटक कधी लागलेलंच नाही, त्यामुळे कडी गंजून बसली होती. त्या दोन्ही हातांनी ती ओढत होत्या, पदर खांद्यावरून घसरला होता, आणि त्या बायका जवळ येत होत्या. मी शालू दोरीवर टाकून त्यांच्याजवळ गेले, त्यांचे हात कडीवरून काढले आणि म्हटलं, राहू द्या, बाई. उघडंच राहू द्या.